सहा फूट चार इंच

मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. ते माझ्या ट्रंकेकडे बघत होते. मग आत जाऊन एक काठी घेऊन आले, ती ट्रंकेच्या तिन्ही बाजूंना लावली, खोलीच्या दाराला लावली आणि म्हणाले, "दोन बोटं जास्त आहे. जायची नाही."

मी म्हटलं, तिरकी केली की जाईल. यावर ते दुखावल्यासारखे झाले. तिरकं करून जगात काहीही कुठेही घुसवता येतं, पण मग मापं कशाला केली माणसांनी, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ओसरीवर ट्रंक उघडून मी कपडे हाताने आत नेले. रिकामी ट्रंक पुढची दोन वर्षं ओसरीवरच राहिली आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिच्यात आमसुलं ठेवू लागल्या. माझ्या त्या ट्रंकेला अजून आंबूस वास येतो.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली. मी कोल्हापूरकडचा, नोकरी रत्नागिरीत लागलेली, शहरात खोली मिळेना म्हणून पावसच्या रस्त्यावरच्या एका गावात राहायला गेलो. नोकरी मोजणी खात्यात होती. हे कळल्यावर घरमालकांचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. तुमची ती लोखंडी साखळी उन्हात वाढते, ते म्हणाले, वैशाखात मोजलेली जमीन आणि श्रावणात मोजलेली जमीन सारखी कशी येणार? मी नोकरीत नवा होतो. साहेबांना विचारून सांगतो म्हणालो, आणि त्या दिवसापासून खात्याबद्दलचं त्यांचं मत कायमचं झालं.

त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, त्या काठीवर. सहा फूट लांब, सागाची, दोन्ही टोकांना पितळी टोपणं. एका अंगाला फूट आणि इंच कोरलेले, दुसऱ्या अंगाला वीत आणि बोटं. एस्टी थांब्यावर उभे असले तरी काठी हातात, लग्नाला गेले तरी काठी हातात. पंगतीत दोन पाटांमधलं अंतर त्यांनी मोजलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि वाढपी वळताना कोणाच्या पानात पाय पडणार हे त्यांनी आधीच सांगितलेलंही ऐकलंय. पाय पडला, हेही कबूल करायला हवं. गावात त्यांच्या माघारी त्यांना 'माप' म्हणत. "माप येतंय" असं कुणी म्हणालं, की सुतार रंधा खाली ठेवायचा आणि शिंपी टेप लपवायचा. मी मात्र त्यांना सगळ्यांसारखं काका म्हणायचो.

एकच जागा अशी होती जिथे काकांच्या मापाला अख्ख्या गावात कुणी विरोधक होता, आणि ती जागा त्यांच्या दाराशी होती. मोठ्या रस्त्यावरून वरच्या वाडीकडे एक खडीचा रस्ता जायचा. तो सुरू होतानाच दोन आवारांमधून जायचा. उजवीकडे काकांचं आवार, डावीकडे त्यांच्या चुलतभावाचं. त्यांना सगळे बापू म्हणत. दोन्ही आवारांना जांभ्या दगडाचे गडगे, छातीएवढे उंच, आणि त्या दोन गडग्यांमध्ये रस्ता इतका चिंचोळा होता, की गाव त्या जागेला खिंड म्हणायचं. बैलगाडी जायची, जीप जायची, ट्रक जायचा नाही. काकांचं म्हणणं, बापूंच्या वडिलांनी गडगा घालताना वीतभर रस्ता खाल्ला. बापूंचं म्हणणं नेमकं उलट. यावर रत्नागिरीच्या कोर्टात अकरा वर्षं दावा चालू होता आणि अकरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. खिंडीची रुंदी किती, यावर मात्र दोघांचंही एकमत होतं. सहा फूट चार इंच.

बापू मला येता-जाता अडवायचे आणि नकाशात काय आहे ते हळूच विचारायचे. काका तर उघडच विचारायचे. मी दोघांनाही सांगायचो की अर्ज करा, फी भरा, मोजणी लागेल. अर्ज दोघांनीही केला नाही. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, मोजणी होऊन निकाल लागला असता तर दोघांनाही सकाळी उठून करायला काही उरलं नसतं.

अशात गावच्या सोसायटीने ट्रॅक्टर घेतला. ठराव काकांनीच मांडला होता. भाताचे तुकडे लहान, बांध जवळजवळ, तेव्हा ट्रॅक्टरही अगदी लहान. आमच्याकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर बघितलेल्या मला तो पाहून हसू आवरेना. पण काकांनी त्यामागे बराच विचार केला होता. वरच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. शेती बायकांच्या अंगावर. नांगराला बैलांचं जोत भाड्याने धरायचं, तर खालच्या गावातली जोतं आधी स्वतःचं उरकणार आणि मग वर जाणार. दर वर्षी वरच्या वाडीची लावणी मागे पडायची. काका एका रविवारी काठी टेकत सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, चढून वर गेले आणि तिथल्या बायकांना शब्द देऊन आले, की यंदा जोत धरू नका, चिखलणीला ट्रॅक्टर येईल, माझी जबाबदारी.

मात्र त्यात एक अडचण होती. चिखलणी करायची तर ट्रॅक्टरची रबरी चाकं काढून पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं लावावी लागतात, कारण टायर चिखलात जागच्या जागी फिरतात. आणि लोखंडी चाकांवर ट्रॅक्टर खडीच्या रस्त्यावरून तीन मैल न्यायचा, तर रस्ताही जायचा आणि ट्रॅक्टरही खिळखिळा व्हायचा. दर वेळी चाकं बदलायची तर चार माणसं, जॅक, आणि पावसात अर्धा दिवस, शिवाय वरच्या वाडीत जॅक रुतणार नाही अशी जागाच नव्हती. म्हणून ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून न्यायचा, असं काकांनी ठरवलं. आंब्याचा हंगाम संपला की पेट्या वाहणारी एका व्यापाऱ्याची जीप रिकामी असायची, ती ट्रेलर ओढणार. आमच्याकडे ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो. इथे ट्रॉली ट्रॅक्टरला मिरवत नेणार होती. मी हे घरी पत्राने कळवलं तेव्हा वडिलांनी उलट विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना.

मग सुरू झाला तो महिना मी कधी विसरणार नाही. ट्रेलर केवढा हवा, हा प्रश्न काकांनी हातात घेतला आणि घरात दुसरा विषय उरला नाही. ट्रॅक्टर आवारात उभा होता. काकांनी त्याची लांबी मोजली, उंची मोजली, पोटाखालची जागा मोजली, स्टिअरिंगवर बसलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंतची उंची मोजली, आणि ड्रायव्हर टोपी घालतो का तेही विचारलं. गावात प्रत्येकाचं मत होतं. कोणी म्हणे आठ फूट लांब पुरे, कोणी म्हणे बारा फूट करा, म्हणजे ट्रॅक्टर नसेल तेव्हा चिरे वाहता येतील. काकांनी बारा फूटवाल्याला ओसरीवर बसवून समजावलं. "ट्रेलर ट्रॅक्टरच्या मापाचा हवा," ते म्हणाले, "हावेच्या मापाचा नको." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की आठवडाभर ते दर माणसाला ऐकवत होते.

लांबी नऊ फूट ठरली. मग चाकं कुठे बसवायची हा प्रश्न आला. वजन मागे पडलं तर ट्रेलर जीपचं शेपूट उचलणार, फार पुढे पडलं तर जीप बसणार. हे शोधायला काकांनी स्वयंपाकघरातला पाट घेतला, खाली काकूंचं लाटणं ठेवलं आणि पाटावर ट्रॅक्टर म्हणून एक कच्चा फणस आडवा ठेवला. देठाकडची बाजू इंजिन. लाटणं एकेक बोट पुढे-मागे सरकवून ते पाटाचं नाक किती दबतं ते बघायचे, आणि मी वहीत आकडे लिहायचो. दोन दिवस घरात पोळी नव्हती. दोन्ही वेळा भात खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी काकूंचा संयम संपला.

सकाळी काका माजघरात आले तर पाट होता, लाटणं नव्हतं आणि फणसही नव्हता. त्यांनी विचारलं, माझा ट्रॅक्टर कुठाय? काकू चुलीपाशी होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "फोडणीला टाकला."

भाजी उत्तम झाली होती. काका रागाने पहिला घास घेईनात, दुसऱ्यांदा मात्र मागून घेतली. पण तोवर चाकांची जागा ठरली होती आणि ती अगदी बरोबर ठरली होती, हे नंतर सिद्ध झालं. मला त्या माणसाची गंमत वाटायची, तसाच आदरही वाटायचा. आमच्या खात्यात पगार घेऊन कोणी इतकं नीट काम करत नव्हतं, मीही नाही.

ट्रेलर बनवला उस्मानने. तो किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यातला, सहा वर्षं आखातात वेल्डिंग करून परत आलेला, शांत स्वभावाचा. त्याच्या शेडमध्ये तिकडून आणलेला टेपरेकॉर्डर चालू असायचा आणि काका आले की तो बंद करायचा, कारण गाण्याच्या आवाजात काकांचे आकडे चुकत. काकांनी त्याला रुंदी सांगितली. चाकांसकट बाहेरून सहा फूट. आतली फळी साडेचार फूट. ट्रॅक्टर रुंदीला चार फूट एक इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच अडीच इंच मोकळे. उस्मानने हळूच विचारलं, की थोडा रुंद केला तर? काका म्हणाले, गरज नाही.

जूनच्या सुरुवातीला ट्रेलर आला, निळ्या रंगाचा. नारळ फोडला. मागे आठ फुटी फळ्या लावल्या आणि ट्रॅक्टर न घरंगळता, न कुरकुरता वर चढला आणि पेटीत आंबा बसावा तसा बसला. जीपने ट्रेलर ओढला. काका काठी आडवी धरून पुढे चालत होते. खिंडीत ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना दोन दोन इंच जागा राहिली. बापू त्यांच्या ओसरीवर झोपाळ्यावर बसून बघत होते, कुठेतरी घासेल या आशेवर. घासला नाही. ट्रेलर पार गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बापू उठून आत गेले. त्या दिवशी जेवताना काका गुणगुणत होते आणि काकूंनी मला डोळ्यांनीच सांगितलं, हे असं दहा वर्षांत झालं नव्हतं.

तीन आठवडे गेले. खालच्या गावातली चिखलणी बैलांवर आटोपत आली. वरच्या वाडीची रोपं तयार झाली. सोसायटीच्या गोदामातून गोणपाटात बांधलेली लोखंडी चाकं बाहेर काढली, चार माणसांनी मिळून ट्रॅक्टरला लावली. ड्रायव्हरने ट्रॅक्टर फळ्यांपाशी आणला आणि थांबला. खाली उतरला, मागे गेला, पुढे आला.

लोखंडी चाकं टायरपेक्षा खूपच रुंद होती. फळीवर ट्रॅक्टर बसणं लांबच, चाकं ट्रेलरच्या चाकांवर चढत होती.

काकांनी मोजलं. पाच फूट पाच इंच. पुन्हा मोजलं. चार वेळा मोजलं. जमलेल्या वीस-पंचवीस माणसांत कोणी हसलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. कदाचित सगळ्यांनाच एकदम कळलं होतं, की ज्या चाकांसाठी ट्रेलर केला, तीच चाकं सोडून बाकी सगळ्याचं माप घेतलं गेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, रबरी चाकं लावून चढवू या का? उस्मान तिथेच उभा होता. तो सावकाश म्हणाला, "टायर लावूनच न्यायचा असेल, तर त्याला ट्रेलर कशाला? तो आपल्या पायाने जाईल की."

मग उपाय निघाले. फळी चाकांच्या वर उचलून घेऊ, असं कोणी म्हणालं, पण तसा ट्रेलर उंच होणार आणि वळणावर ट्रॅक्टरसकट कलंडणार, हे काकांनीच सांगितलं. उस्मानने एकच मार्ग दाखवला. फळी रुंद करायची, आस लांब करायचा, चाकं बाहेर घ्यायची. दोन दिवसांचं काम. बाहेरून रुंदी सात फूट चार इंच होईल. एवढं तो बोलला, आणि तिथल्या सगळ्यांच्या माना आपोआप खिंडीकडे वळल्या.

काका घरात निघून गेले. काठी पहिल्यांदाच बाहेर ट्रेलरला टेकून राहिली. ती मी आत आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या वाडीतून एक बाई आली. साठीची, इरलं पाठीवर, तीन मैल चालत आलेली. तिचं नाव सोनकी. ती आवारात येऊन उभी राहिली, ओसरीवर चढली नाही. काकांना म्हणाली, "तुमी सांगितलात म्हनून आमी औंदा जोत नाय धरलाव. आता रोपा वर आली. आठ दिसांत लावली नायत तर गुरांना घालायची. ट्रॅक्टर कवा येतो तेवढा सांगा."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला वाटतं काकांना तेच सोसलं नाही. तिने भांडायला हवं होतं. काकांनी तिला चहा दिला, बघतो म्हणाले. ती चहा पिऊन इरलं घेऊन पुन्हा चढाला लागली. काका बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत उभे होते.

रात्री जेवायला बसलो. मीच मूर्खासारखा म्हणालो, की एवढी मापं घेऊन चाकांचं माप कसं राहिलं कोण जाणे. काकांनी मान वर केली नाही. काकू ताक वाढत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"राहिलं कुठे?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी ट्रॅक्टरचं माप घेतलंच नाही. आधी गडग्याचं घेतलं, आणि ट्रॅक्टर त्यात बसवला."

काका ताक न पिता उठले. मला वाईट वाटलं आणि काकूंचा रागही आला, पण वहीतलं ते पान मला आठवलं. माझ्याच अक्षरातलं. पहिली ओळ ट्रॅक्टरची नव्हतीच. पहिली ओळ होती, खिंड सहा फूट चार इंच. त्यातून दोन्हीकडचे दोन दोन इंच वजा. बाकी सहा फूट. पुढचं सगळं गणित त्या ओळीच्या खाली होतं, आणि ते गणित शंभर टक्के बरोबर होतं.

सकाळी मला जाग आली ती दगडावर लोखंड आपटण्याच्या आवाजाने. बाहेर रिमझिम होती. काका पंचा नेसून, डोक्यावर गोणपाट घेऊन, पहारीने स्वतःचा गडगा पाडत होते. पासष्टीचा माणूस. जांभ्याचे चिरे शेवाळलेले, एकमेकांत रुतून बसलेले. एक चिरा निघाला की ते धापा टाकत थांबायचे. मी धावत गेलो आणि पहार घ्यायला लागलो, तर ते देईनात. चिरे उचल म्हणाले. मी चिरे उचलून आत रचायला लागलो. काठी कुठे दिसत नव्हती, म्हणून मी विचारलं, किती पाडायचाय? ते म्हणाले, "ट्रेलर जाईल एवढा."

थोड्या वेळाने समोरच्या ओसरीवर बापू आले. झोपाळ्यावर बसले. उठले. गडग्यापाशी आले. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य कोण बोलणार, याची मला धाकधूक वाटत होती. बापू बोलले, पण माझ्याकडे बघून.

"पुढल्या महिन्यात तारीख आहे, हे ठाऊक आहे ना ह्यांना?"

मी काकांकडे बघितलं. काका पहार न थांबवता मला म्हणाले, ठाऊक आहे म्हणावं. बापू मला म्हणाले, मग गडगाच पाडला तर दावा चालायचा कशावर, ते विचार. मी विचारलं. काका म्हणाले, वरच्या वाडीची रोपं आठ दिवसांत म्हातारी होतात, दाव्याला तसली घाई नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, पण आवाज बापूंना ऐकू जाईल एवढा होता.

बापू पुढे वाकले. गडग्याच्या पडलेल्या भागाकडे बघत राहिले. फूटभर तरी मागे गेला होता. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक काळजी उमटली, आणि ती काळजी मी आजही डोळ्यांपुढे आणू शकतो. ते सरळ काकांना म्हणाले, "तू फूटभर मागे जाणार. म्हणजे उद्या गाव म्हणणार, बापूच अडून बसला."

"म्हणू देत."

"बरा म्हणू देईन," असं म्हणून बापू आत गेले आणि आपली पहार घेऊन बाहेर आले.

त्यानंतर जे झालं ते मी मोजणी खात्यात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नसता. बापूंनी आपल्या गडग्याचा फूटभर पाडला आणि सांगितलं, मी दीड जाणार. काका म्हणाले, तू दीड गेलास तर मी दोन. दोघेही घामाने आणि पावसाने ओले, पण पहारी थांबत नव्हत्या. काकू येऊन बघून गेल्या आणि येताना दोन पेले चहा घेऊन आल्या. एक बापूंच्या हातात दिला. बापूंनी तो घेतला, आणि मला वाटतं दावा तिथेच संपला. दुपारपर्यंत खिंड उरलीच नाही. ट्रक गेला असता, शेजारून गाय गेली असती. शेवटी कोणाला थांबवावं हे मला कळेना, तेव्हा काकूंनीच जेवायला वाढलंय म्हणून सांगितलं, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं.

उस्मानने दोन दिवसांचं काम दीड दिवसात केलं. तिसऱ्या सकाळी सात फूट चार इंचांचा ट्रेलर, लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर घेऊन, जुन्या खिंडीतून गेला. काकांना पुढे चालायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून ते जीपमध्ये बसले. मीही किरकोळ रजा काढून मागे बसलो होतो. सडा चढून वर गेलो तर बायका बांधावर येऊन उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत सात तुकड्यांचा चिखल झाला, आणि पुढच्या पाच दिवसांत वाडीची लावणी पुरी झाली.

लावणी संपल्यावर सोनकी बाजाराला म्हणून खाली उतरली तेव्हा मी आवारात होतो. ती खिंडीच्या जागी थांबली. या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. मग काकांना विचारलं, अगदी साधं, जसं कुणी एस्टीची वेळ विचारावी, "हा रस्ता इतकी वर्सा कुटं व्हता?"

काका खाली वाकून एक सुटा चिरा नीट रचू लागले. बापू झोपाळ्यावर होते, त्यांनी एकदम पेपर उघडला.

दोघे बदलले असं मात्र कोणी समजू नये. तारखेला दोघे एकाच एस्टीने रत्नागिरीला गेले, तिकिटं वेगवेगळी काढली, आणि आपापल्या वकिलाला सांगून दावा काढून घेतला. येताना मात्र भांडत आले. कोणी जास्त जागा सोडली, हा नवा वाद होता. काकांची काठी पुन्हा बाहेर आली. बापूंनीही एक काठी करून घेतली. जुन्या गडग्याचा पाया कुठे होता यावर दोघे ओणवे होऊन तासन्‌तास वाद घालायचे, आणि निकालासाठी मला हाक मारायचे. मी सांगायचो, अर्ज करा, फी भरा. आता मला त्या वादाचा राग येत नव्हता. बोलणं चालू राहावं म्हणून तो वाद होता, हे मलाही कळत होतं आणि काकूंनाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बायको आली, आणि तिच्या मागून चार दिवसांनी तिच्या माहेरचं लाकडी कपाट आलं, टेम्पोतून, खिंडीतून थेट दारापर्यंत. उतरवताना मीच घाबरलो. ट्रंक दोन बोटांनी अडली होती, हे तर चांगलं वीतभर मोठं दिसत होतं. काका ओसरीवर उभे होते, काठी हातात. मी वाट बघत राहिलो, आता मोजतील, मग मोजतील.

त्यांनी कपाटाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, माझ्या नव्या नवरीकडे बघितलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि धोतराचा सोगा खोचत पुढे आले.

"आणा आत," ते म्हणाले. "नाहीच गेलं तर चौकट काढू."